वस्तरा निवडणं आणि पाजवणं : पहिल्या चार महिन्यांच्या नोंदी

५ जानेवारी

आजपासून ही वही. काम एका ओळीत सांगायचं तर, मी स्वतः दगडावर पाजवलेल्या वस्तऱ्याने पूर्ण दाढी करायची, केस ओढले न जाता. मुदत घातलेली नाही.

गेले काही आठवडे नुसतं वाचन आणि विचार चालला होता. पातं बदलायचे वस्तरे या कामात घ्यायचे नाहीत, हे त्यातून पक्कं झालं. त्यांचं पातं बोथट झालं की काढून टाकायचं आणि नवं बसवायचं. दगडाशी त्यांची गाठच पडत नाही, आणि मला तर धार होते कशी तेच समजून घ्यायचं आहे.

दुसरं ठरलं ते असं की वस्तरे दोन घ्यायचे. एक नवा, जाणत्या हाताने पाजवून दाढीसाठी तयार करून दिलेला. दुसरा जुना, शिकण्यासाठी. खरी धार गालावर कशी चालते हे एकदाही अनुभवलं नसेल, तर माझ्या हातची धार बरी की वाईट हे मी कशाशी ताडून पाहणार? नवा वस्तरा हे माझं माप. त्याला दगड लावायचा नाही.

९ जानेवारी

निवडीचे मुद्दे आज लिहून काढले.

रुंदी इंचाच्या आठव्या भागात सांगतात. ५/८ म्हणजे सुमारे १५.९ मिलिमीटर, ६/८ म्हणजे १९. यापेक्षा अरुंद पातं हातात फार हलकं राहतं, नवख्याला त्याचा कोन सांभाळणं जड जातं. ७/८ आणि त्यापुढची पाती वजनदार असतात आणि नाकाखाली नेली की आपण काय कापतो आहोत तेच दिसत नाही. म्हणून ५/८ किंवा ६/८.

पात्याच्या दोन्ही बाजू किती खोलगट घासल्या आहेत हा पुढचा प्रश्न. जुनी शेफील्डची काही पाती जवळजवळ पाचरीसारखी भरीव असतात. पूर्ण होलो, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोल घासलेलं, पातं धारेजवळ इतकं पातळ असतं की अंगठ्याच्या नखावर हलकं दाबलं तर वाकताना दिसतं. भरीव पात्यात दगडाला एकदम बरंच पोलाद घासावं लागतं. होलो पात्यात दगड फक्त दोन ठिकाणी टेकतो, पाठीवर आणि धारेवर. शिकताना होलो किंवा अर्धा होलो बरा.

टोक गोल हवं. चौकोनी टोक मिशीच्या कडा रेखायला छान, पण पहिल्या महिन्यात ते कानाची पाळी किंवा ओठाचा कोपरा नक्की शोधून काढेल.

आता ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे ते. सुरी पाजवताना कोन हाताने धरावा लागतो. वस्तऱ्यात तो घडवतानाच बसवलेला असतो. पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात, त्यामुळे पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांचं प्रमाण हाच धारेचा कोन. साधारण १५ ते १८ अंशांच्या दरम्यान आला तर ठीक. प्रमाण चुकलेला वस्तरा कितीही घासला तरी सरळ होत नाही. शोभेसाठी बनवलेले, मऊ पोलादाचे चकचकीत वस्तरे इथेच उघडे पडतात. त्यांची पाठ सरळ नसते, आणि धार आली तरी टिकत नाही.

पोलाद कार्बनचं घ्यायचं. स्टेनलेस वाईट आहे असं अजिबात नाही, पण दगडावर ते थोडं जास्त वेळ खातं आणि मला प्रत्येक बदल चटकन दिसायला हवा आहे. जर्मनीतलं झोलिंगेन, इंग्लंडमधलं शेफील्ड, फ्रान्समधलं तिएर, स्वीडनमधलं एस्किलस्टुना ही पात्यांची जुनी गावं. पैकी झोलिंगेनच्या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे. घडवण्याचे मुख्य टप्पे तिथे झाल्याशिवाय ते नाव मालावर घालता येत नाही. पण शंभर वर्षांच्या वस्तऱ्यात गाव पाहण्याआधी पाठ पाहावी, असं माझं आजचं मत.

१४ जानेवारी

दोन्ही आले. नवा ५/८, पूर्ण होलो, गोल टोक. पाठ ४.६ मिलिमीटर, पाठीपासून धारेपर्यंत १६.१. त्रिकोणमितीने कोन निघतो १६.४ अंश. समाधान वाटलं.

जुन्यावर जास्त वेळ गेला. मूठ शिंगाची. शेपटाकडच्या दांड्यावर गावाच्या नावाखाली ‘जर्मनी’ असा शिक्का आहे. अमेरिकेच्या १८९० च्या आयात कर कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं आणि १८९१ पासून ते अमलात आलं, त्यामुळे असा शिक्का असलेलं पातं बहुधा त्यानंतरचं. रुंदी १७.५ मिलिमीटर, म्हणजे मुळात ६/८ असावा आणि दगडावर दीडेक मिलिमीटर गेला. पाठ ५.० मिलिमीटर. कोन पुन्हा १६.४! हे गणित सुटलं तेव्हा मी जरा वेळ तसाच बसून राहिलो. धार झिजते तशी तिच्यासोबत पाठही दगडावर झिजते, म्हणून इतक्या वापरानंतरही प्रमाण जागेवर. हे ज्याने प्रथम योजलं त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

भिंगाने धार पाहिली. टाचेच्या, म्हणजे मुठीकडच्या, बाजूला दोन बारीक खाचे, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे. गंजाचे खड्डे आहेत पण पाठीजवळ, धारेपासून दूर. खड्डा धारेवर असता तर परत पाठवला असता, कारण तिथे दगड पुढे जाईल तसा नवा खड्डा उघडा पडत राहतो. पातं काचेवर आडवं ठेवून खालून उजेड येतो का पाहिलं. नाही आला. घडी घातल्यावर पातं मुठीच्या बरोबर मधोमध बसतं.

मूठ सेल्युलॉइडची नाही हे बरं झालं. ते जुनं झालं की विघटन होऊन त्यातून आम्लधर्मी वाफा निघतात आणि मिटून ठेवलेलं पातं आतल्या आत गंजतं. दिसायला सुंदर, पारदर्शक मुठींचे कितीतरी चांगले वस्तरे असेच गेले आहेत. शिंगाला फक्त पाण्यात भिजवायचं नाही आणि अधूनमधून तेलाचा हात लावायचा.

१५ जानेवारी

जुना साफ केला. साबणाचं पाणी, मऊ फडकं, काळ्या डागांवर धातूचं पॉलिश. पाठीकडून धारेकडे पुसायचं, उलट दिशेने कधीच नाही. खड्ड्यांना हात लावला नाही.

१८ जानेवारी

नव्या वस्तऱ्याने पहिली दाढी. फक्त दोन्ही गाल, बाकी नेहमीच्या रेझरने.

पकड: तीन बोटं दांड्याच्या वर, अंगठा खालून, करंगळी शेपटावर. त्वचा दुसऱ्या हाताने ताणलेली. पातं गालाशी साधारण ३० अंशांवर. पहिल्या फटक्यात मी ते जवळजवळ आडवंच ठेवलं होतं, फेस निघाला आणि केस तसेच राहिले. थोडं उभं केल्यावर एक आवाज आला, कोरडं गवत कापल्यासारखा. पूर्ण होलो पातं वाजतं असं वाचलं होतं, ते आज ऐकलं.

डावा गाल डाव्या हाताने केला. हात बदलणं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं, कारण डाव्या हाताला आधीची कुठली सवयच नाही. एक ओरखडा, हनुवटीच्या वळणापाशी, तुरटीने थांबला.

पण मुख्य नोंद ही, की केस ओढला गेल्याची जाणीव एकदाही झाली नाही. माप मिळालं.

१९ जानेवारी

चामड्याच्या पट्ट्याचं काम. दिशा दगडाच्या उलट, पाठ पुढे आणि धार मागून. टोकाला पोचलं की पातं उचलायचं नाही, पाठीवर उलटायचं. आधी कापडी बाजूवर २० फेऱ्या, मग चामड्यावर ५०. पट्टा ताणलेला हवा, हात हलका. सैल पट्ट्यावर चामडं धारेभोवती वळतं आणि तिला गोलवतं.

चौदाव्या फेरीला घाई केली, पाठ टेकायच्या आधी पातं उलटलं आणि चामड्यात दोन सेंटीमीटरचा काप पडला. कापाच्या उभ्या राहिलेल्या कडा बारीक घासकागदाने घासून सपाट केल्या. काप दिसतो, पण पात्याला लागत नाही. आता सावकाश. वेग आपोआप येईल तेव्हा येईल.

२५ जानेवारी

दगड ठरवले: १०००, ४०००, ८०००, १२०००. सगळे कृत्रिम, सगळे पाण्याचे. प्रत्येक बनवणाऱ्याचे आकडे थोडे वेगळे असतात, तरी ढोबळ मानाने १००० च्या दगडातले कण १५ मायक्रॉनच्या आसपास, ४००० चे तीन-चार, ८००० चे दीड-दोन.

नैसर्गिक दगडांचा मोह फार झाला. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्युल, ज्यात गार्नेटचे सूक्ष्म स्फटिक असतात, तो वाचल्यापासून डोक्यात बसला आहे. त्यावर वेगळ्या तुकड्याने दाट गाळ काढायचा आणि काम करत करत पाण्याने तो विरळ करत न्यायचा, म्हणजे एकाच दगडावर सगळे टप्पे. पण प्रत्येक दगडाचा स्वभाव निराळा. मी नवा, वस्तरा अनोळखी, त्यात दगडही अनोळखी घेतला तर चूक कोणाची ते कळणार नाही. पुढे कधीतरी नक्की.

दगड सपाट केले. वर पेन्सिलने जाळी आखायची, काचेवर पाण्याने चिकटवलेल्या ३२० च्या घासकागदावर जाळी पूर्ण जाईपर्यंत घासायचं. नवा दगड सपाटच असणार असं मी धरून चाललो होतो. १००० च्या दगडावरची जाळी मधोमध बराच वेळ टिकली, म्हणजे तो नवाकोरा असून मध्ये खोलगट होता. चारही कडा जराशा मारून घेतल्या, नाहीतर धारदार कड पात्याला ओरखडते.

१ फेब्रुवारी

आज चुकलो, आणि कुठे चुकलो ते नीट लिहायला हवं.

जुन्या वस्तऱ्याने हातावरचे केस थोडेफार निघत होते. त्यावरून धार मुळात आहे, नुसती चमकवायची आहे, असा मी समज करून घेतला आणि १००० सोडून सरळ ८००० वर गेलो. दोन तास. शेकडो फेऱ्या. बेव्हल, म्हणजे धारेपाशी दोन्ही बाजूंनी उतरत जाणारी ती अरुंद पट्टी, आरशासारखी चमकायला लागली. नंतर पट्टा, नंतर गाल. पहिल्याच फटक्यात केस मुळापासून ओढले गेले आणि डोळ्यांत पाणी आलं.

भिंगाखाली सगळं सुंदर दिसतं. मग कमी काय आहे?

२ फेब्रुवारी

उत्तर मार्करने दिलं. बेव्हलवर दोन्ही बाजूंनी काळी शाई लावली, १००० च्या ओल्या दगडावर अगदी हलक्या हाताने दोन फेऱ्या केल्या आणि पाहिलं. एका बाजूला मधल्या तिसऱ्या हिश्श्यात शाई जशीच्या तशी. पातं उलटलं तर तिथे मधली शाई गेलेली, पण टाचेला आणि टोकाला शिल्लक. जिथे गेली होती तिथेही सगळीकडे अगदी कडेपर्यंत गेलेली नव्हती, केसाएवढी काळी रेघ उरली होती. कालचे दोन तास मी बेव्हलचा खांदा चमकवत होतो. कडेला दगड बऱ्याच ठिकाणी शिवलाही नव्हता.

आणि दोन बाजूंचा हा नमुना एकच गोष्ट सांगतो, की पातं लांबीत किंचित वळलेलं आहे. एक बाजू थोडी आत, दुसरी थोडी बाहेर. १४ जानेवारीला मी काचेवर एकच बाजू ठेवून पाहिली होती आणि उजेडही अंधुक होता. आज दोन्ही बाजू टॉर्च लावून पाहिल्या. आतल्या बाजूला मधोमध उजेडाची बारीक फट स्पष्ट दिसते. निवडीच्या यादीत भर: काच, दोन्ही बाजू, चांगला उजेड. एक मिनिटाचं काम आहे.

वळण एवढ्यातेवढ्याचं आहे, सोडून देण्याइतकं नाही. जुन्या वस्तऱ्यांमध्ये असं बरंच आढळतं.

८ फेब्रुवारी

आजचा पूर्ण दिवस १००० च्या दगडावर.

पात्याची धार लांबीला सुमारे ७५ मिलिमीटर, दगडाची रुंदी ७०. म्हणून सरळ ढकलून चालत नाही. टाच दगडावर असताना सुरुवात करायची आणि पुढे जाता जाता पातं बाजूला सरकवत टोकावर संपवायचं. परतताना उलटून तेच. दगडावर वरून पाहिलं तर फुली पडते. धार पुढे, पाठ मागे, दोन्ही सतत टेकलेल्या.

वळलेल्या पात्याला यातच दोन फेरफार करावे लागले. बाहेरच्या बाजूला फटका सुरू करताना वजन टाचेकडे, मध्यावर समान, संपताना टोकाकडे, असं मनगटातल्या मनगटात लोळवत नेलं. आतल्या बाजूला उलट अडचण, कारण टाच आणि टोक टेकलं की मधला भाग अधांतरी. तिथे फटका दगडाच्या कडेबाहेर नेहमीपेक्षा जास्त सरकवला. मग दगडाची कडच पात्याच्या मधल्या भागाखालून फिरत जाते आणि जिथे सपाट दगड पोचत नव्हता तिथे पोचते. त्या दिवशी मारून घेतलेल्या कडा इथे कामी आल्या.

दर २० फेऱ्यांनी शाई. हे कंटाळवाणं आहे असं म्हणतात, मला तसं वाटलं नाही. काळी रेघ दर खेपेला थोडी आखूड होते आणि हात काय करतो आहे ते डोळ्यांना दिसतं. टाचेकडचे दोन खाचे १२० फेऱ्यांच्या आसपास गेले. कडेपर्यंत शाई दोन्ही बाजूंनी पूर्ण जायला १८० लागल्या.

दाब: सुरुवातीला पात्याच्या वजनापेक्षा थोडा जास्त, शेवटच्या ३० फेऱ्या फक्त पात्याच्या वजनावर. होलो पातं जोरात दाबलं की धारेजवळ वाकतं, कड दगडावरून उचलली जाते आणि आपण पुन्हा खांदाच घासत बसतो.

तपासणी तीन प्रकारे केली. एक, दिव्याखाली धार सरळ वरून पाहायची. दोन्ही उतार खरोखर भेटले असतील तर काहीच दिसत नाही, कुठे चकाकलं तर तिथे अजून बोथट सपाटी उरली आहे. दोन, अंगठ्याच्या ओल्या नखावरून वजन न टाकता ओढायचं. धार सगळीकडे सारखी रुतत जायला हवी, घसरता कामा नये. याने धार थोडी दुखावते, म्हणून ही परीक्षा फक्त १००० वर. तीन, हातावरचे केस त्वचेला लागून, टाच, मध्य आणि टोक असे वेगवेगळे कापून पाहायचे. तिन्हीत पास. टोकाचा शेवटचा अर्धा सेंटीमीटर जरा मागे वाटला, पण तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि मी तो सोडला.

९ फेब्रुवारी

पाठीवर टेप लावावी का, यावर विचार. टेपने पाठ झिजत नाही, जुन्या नक्षीदार पाठी वाचतात. माझ्या टेपचा एक थर ०.१५ मिलिमीटर. दोन्ही बाजू धरून पाठ ५.३ होते आणि कोन १६.४ वरून १७.४ वर जातो, म्हणजे सरळ एक अंश. त्यामुळे आज टेप आणि उद्या बिनटेप असं केलं तर दगड धारेवर वेगवेगळ्या जागी टेकतो. लावायची तर सगळ्या टप्प्यांत, नाहीतर कधीच नाही. शिवाय पाठीने धारेसोबत झिजावं हाच तर मूळ बेत आहे. माझी पाठ साधी आहे. टेप नाही.

१५ फेब्रुवारी

४००० वर ४० फेऱ्या, ८००० वर ४०. प्रत्येक दगडाचं एकच काम, आधीच्या दगडाचे चरे घालवणं. १० पट भिंगात १००० चे चरे आडव्या रेघांसारखे दिसतात, ४००० नंतर ते गेले. दोन दगडांच्या मध्ये पातं आणि हात दोन्ही धुतले, कारण मागच्या दगडाचा एक कण पुढच्या दगडावर आला तर तेवढ्यानेही चरा पडतो.

८००० वर पाण्याची वागणूक बदलते. धार चांगली असली की पात्यापुढचं पाणी कडेवर चढून पात्यावर येतं. आज ते टाचेपासून पाऊण लांबीपर्यंत चढलं, टोकाशी नाही.

१६ फेब्रुवारी

दाढी. गालावर टाच आणि मध्य नव्या वस्तऱ्याच्या जवळ जाणारे. टोकाने ओठाखाली गेलो आणि ओढ. आठ दिवसांपूर्वी सोडलेला तो अर्धा सेंटीमीटर.

८००० वर आणखी ३० फेऱ्या मारून बघाव्यात असं वाटलं. मारल्या नाहीत. जिथे दोन उतार भेटलेलेच नाहीत तिथे बारीक दगडाला करण्यासारखं काही नसतं. पुन्हा १०००, तेही फक्त टोकासाठी नाही, पूर्ण लांबीवर. एकाच जागी घासत बसलं तर तिथे पाठ आणि धार खोल जाऊन नवंच वळण तयार होईल. फटका टोकाशी संपताना मनगट जरा जास्त लोळवायचं, एवढंच.

१००० वर ४५ फेऱ्या. दिव्याखाली चकाकी गेली. नख, केस, सगळं टोकापर्यंत सारखं.

२३ फेब्रुवारी

४०००, ८०००, १२०००. शेवटच्या दगडावर ३० फेऱ्या, इतक्या हलक्या की पातं दगडावर ठेवलं आहे की नाही ते फक्त आवाजावरून कळावं. पट्टा: कापड ३०, चामडं ६०.

लोंबत्या केसाची परीक्षा केली. धुतलेला एक लांब केस मुळाकडून धरायचा आणि सुटा भाग धारेवर टेकवायचा. केसाच्या जाडीप्रमाणे निकाल बदलतो, म्हणून एकाच डोक्याचे केस जपून ठेवले आहेत आणि आधी नव्या वस्तऱ्यावर पाहिलं. नव्यावर केस टेकताच तुटतो. जुन्यावर टाचेला आणि मध्यावर तसाच, टोकाला किंचित अडखळून.

मग दाढी. पूर्ण चेहरा, केसांच्या दिशेने एक हात, नंतर आडवा एक. ओढ नाही. कुठेही नाही. नव्यापेक्षा हे पातं वजनदार असल्याने हनुवटीवर उलट जास्त स्थिर वाटलं. ५ जानेवारीला लिहिलेली ओळ पुन्हा वाचली. आज आनंद झाला आहे, आणि तो इथे लिहून ठेवतो.

२ मार्च

क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट, कण सुमारे अर्धा मायक्रॉन. वेगळ्या पट्ट्यावर लावली, रोजच्या चामड्यावर नाही. दहा फेऱ्या. केस जास्त सहज कापला जातो, पण गळ्यावर थोडी चुरचुर जाणवली. पुढच्या दाढीला १२००० वरून सरळ साध्या पट्ट्यावर आलो, ती जास्त मऊ लागली. माझ्या त्वचेला पेस्टशिवायची धार मानवते. पट्टा गुंडाळून ठेवला.

१६ मार्च

नवव्या दाढीनंतर ६० पट सूक्ष्मदर्शकाखाली जुना वस्तरा. मध्यावर एक अतिसूक्ष्म खाच. केस पोलादापेक्षा इतका मऊ, मग पोलाद तुटतं कसं, याचा एक छान अभ्यास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आतच पात्याने केस कापून पाहिले. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण, तरीही केस वाकून धारेला तिरका भिडला आणि नेमका त्या जागी पोलादाचा पोत सगळीकडे सारखा नसला, तर कडेचा तुकडा उडतो. त्यांचे प्रयोग साध्या, वापरून टाकायच्या पात्यांवरचे. पण मला त्यातून एक गोष्ट घेता येते. केस जितका भिजलेला तितका कमी जोर लागतो, आणि त्वचा जितकी ताणलेली तितका तो कमी वाकतो. उद्यापासून फेस आणखी दोन मिनिटं चेहऱ्यावर राहील.

२९ मार्च

नव्या वस्तऱ्यावर, मुठीच्या आत जाणाऱ्या भागात, गंजाचा तांबूस ठिपका. ओलं पातं मिटून ठेवलं होतं. ठिपका पॉलिशने गेला. यापुढे पुसल्यावर कोरड्या चामड्यावर पाच-सहा फेऱ्या, उघडंच थोडा वेळ, आणि आठवडाभर वापरायचं नसेल तर पात्याला तेलाचं पातळ बोट.

१३ एप्रिल

माप धरलेला नवा वस्तरा गेल्या तीन दाढ्यांपासून गळ्यावर किंचित अडखळत होता. पट्ट्याच्या फेऱ्या वाढवून फरक पडला नाही. त्याला दगड लावायचा नाही असं पहिल्या दिवशी लिहिलं होतं. आता दुसरा वस्तरा मापाला आहे, म्हणून ती अट काढली.

आधी काच, दोन्ही बाजू, टॉर्च. फट नाही. बेव्हलवर शाई, १२००० वर दोन फेऱ्या. शाई कडेपर्यंत, पूर्ण लांबीवर, दोन्हीकडे साफ. म्हणजे उतार शाबूत आहेत, कड तेवढी थकली आहे, १००० पर्यंत उतरायची गरज नाही. १२००० वर १५ फेऱ्या, पात्याच्या वजनावर. पंधराव्या फेरीला पाणी टाचेपासून टोकापर्यंत कडेवर चढलं.

पट्टा ६०. उद्या सकाळी उजवा गाल नव्याने, डावा जुन्याने.

१४ एप्रिल

दोन्ही गाल सारखे. आवाज मात्र वेगळा आहे, नवा उंच वाजतो आणि जुना खर्जात.